गोठ्याच्या सांडपाण्यावर शेवाळाचे पीक

१९९७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या पोकोमोक नदीत अंगावर जखमा असलेले मासे सापडू लागले. पुढे मेलेले मासे मोठ्या संख्येने पाण्यावर तरंगू लागले. पाठोपाठ नदीवर रोजचा वावर असलेली माणसे डॉक्टरांकडे येऊ लागली. त्यांच्या तक्रारी नेहमीच्या नव्हत्या. डोके दुखते, पाणी लागले की कातडीची आग होते, आणि सगळ्यात काळजीचे म्हणजे साध्या साध्या गोष्टी आठवत नाहीत. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने नदीचा काही भाग लोकांसाठी बंद केला. मेरीलँडमधील डॉक्टरांनी अशा २४ जणांना तपासले. ज्यांचा नदीच्या पाण्याशी जास्त संबंध आला होता, त्यांना नवीन गोष्ट शिकणे आणि लक्षात ठेवणे खरोखरच जड जात होते. सुदैवाने तीन ते सहा महिन्यांत सगळ्यांची स्मरणशक्ती पूर्ववत झाली. १९९८ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

संशय फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर होता. त्याचे विष नेमके कोणते आणि सगळा दोष त्याचाच का, यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण या घटनेने लोकांचे लक्ष एका जुन्या दुखण्याकडे गेले. हा सगळा भाग कुक्कुटपालनाचा. कोंबड्यांची विष्ठा आसपासच्या शेतांत वर्षानुवर्षे पडत होती आणि पिकांना न लागलेले नत्र व स्फुरद पावसाबरोबर नदीत उतरत होते. १९९८ मध्येच मेरीलँडने कायदा केला आणि शेतात किती नत्र, किती स्फुरद टाकायचे याचा आराखडा शेतकऱ्यांना बंधनकारक केला. नदीवरच्या माणसांच्या विस्मरणाच्या तक्रारीतून खताचा कायदा निघाला, असे क्वचितच घडते.

याच राज्यात बेल्ट्सविल येथे अमेरिकी कृषी खात्याचे मोठे संशोधन केंद्र आहे. पुढच्या काही वर्षांत तिथल्या गाईंच्या गोठ्याशेजारी शास्त्रज्ञांनी एक वेगळाच प्रयोग केला. नदीत गेल्यावर जे अन्न शेवाळाला माजवते, ते नदीत जाण्याआधीच शेवाळाला खाऊ घातले तर? गोठ्याच्या सांडपाण्यावर शेवाळाचे पीक घ्यायचे, ते काढून घ्यायचे आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ करून सोडायचे.

घाण नव्हे, जागा चुकलेले खत

शेणामुताचे पाणी म्हटले की डोळ्यांपुढे घाण येते. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ते पातळ खत आहे. जनावर जे खाते त्यातल्या नत्र, स्फुरद आणि पालाशचा थोडाच भाग दूध, मांस किंवा अंड्यात जातो. बाकीचा मोठा भाग शेण आणि मुतावाटे बाहेर पडतो. पूर्वी जनावरांचा चारा घरच्याच शेतातला असे, त्यामुळे शेण पुन्हा त्याच शेतात जाई आणि हिशेब जुळे. मोठ्या गोठ्यांत तसे राहिले नाही. खाद्य दूरच्या शेतांतून येते, दूध शहरात जाते आणि उरलेले सगळे गोठ्याभोवतीच्या चार एकरांत साचते. एवढे खत त्या जमिनीला पचत नाही. मग त्यातला नायट्रेट पाण्याबरोबर जमिनीत मुरून विहिरीत उतरतो, स्फुरद मातीबरोबर वाहून ओढ्यात जातो.

पोकोमोकचे पाणी शेवटी ज्या चेसापीक उपसागरात जाते, त्याला सहा राज्यांतील आणि वॉशिंग्टन शहरातील पाणी मिळते. तिथे दर उन्हाळ्यात हेच घडते. अन्न मिळाल्याने शेवाळ बेसुमार वाढते, मरते, तळाशी जाते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि त्या थरात मासे, खेकडे जगू शकत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या उपसागराला जणू पथ्यच लावून दिले. नत्र २५ टक्के आणि स्फुरद २४ टक्क्यांनी कमी करायचे, त्यासाठीची सगळी व्यवस्था २०२५ पर्यंत उभी करायची, असे ठरले. नत्राच्या बाबतीत ही मुदत पाळता आली नाही. सांडपाण्याचे कारखाने सुधारणे तुलनेने सोपे गेले. हजारो शेतांतून आणि गोठ्यांतून झिरपणारे नत्र अडवणे फार अवघड निघाले.

विहिरीतून बाळाच्या रक्तात

हा केवळ माशांचा प्रश्न नाही. १९४५ मध्ये आयोवातील हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. बाळांचे हृदय ठीक, फुप्फुसे ठीक, तरी ओठ आणि नखे निळी. दोष सापडला तो विहिरीच्या पाण्यात. शेतघरांच्या उथळ विहिरींत नायट्रेटचे प्रमाण भरमसाट होते आणि बाळांचे वरचे दूध त्याच पाण्यात तयार केले जात होते.

यामागचे कारण आता नीट समजले आहे. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसांच्या शरीरात हा बदल उलटवणारे विकर पुरेसे असते. सहा महिन्यांच्या आतील बाळात ते कमी असते. शिवाय त्याच्या जठरात आम्ल कमी असल्याने नायट्राइट बनवणाऱ्या जिवाणूंना रान मोकळे मिळते. जुलाब लागलेले असले तर धोका आणखी वाढतो. अशा बाळाचे रक्त लाल न दिसता चॉकलेटी दिसते. वेळेवर ओळखले तर मेथिलीन ब्लू या औषधाने बाळ वाचते, न ओळखले तर दगावू शकते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर होते. यातले सगळे गोठ्यातून येत नाही. युरियासारखी खते आणि माणसांचे सांडपाणी यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पण विहिरीच्या काठाशी शेणाचा उकिरडा ही आपल्या गावांतली नेहमीची मांडणी आहे, हे विसरता येत नाही.

दुसरा धोका निळ्या-हिरव्या शेवाळाचा. त्याला शेवाळ म्हणायची पद्धत असली तरी ते खरे तर जिवाणू आहेत. त्यांच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात आणि हे विष यकृतावर घाला घालते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हे विष मर्यादेबाहेर आढळले. चार लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने पाणी आटते आणि विषाचे प्रमाण उलट वाढते. पाणी ज्या ईरी सरोवरातून येत होते, तिथे भोवतालच्या शेतांतली खते आणि जनावरांचे मलमूत्र वाहून येत होते.

याहून भीषण घटना ब्राझीलच्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये घडली होती. तिथल्या एका डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या पाण्यात हेच विष होते. डायलिसिसमध्ये पाण्याचा रुग्णाच्या रक्ताशी जवळून संबंध येतो. पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. जलाशय हिरवा दिसू लागला की डॉक्टरांनी त्याची दखल का घ्यावी, याचे उत्तर या घटनेत आहे. आपल्याकडे कोल्हापूरचा रंकाळा किंवा उजनीचे हिरवे पाणी पाहिले की लोक नाकाला रुमाल लावतात. प्रश्न वासाच्या पलीकडचा आहे.

शेवाळाला कामाला लावणे

सांडपाण्यावर शेवाळ वाढवण्याची कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विल्यम ऑस्वाल्ड यांनी शहरी सांडपाण्यासाठी उथळ हौद आखले. शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल आकार, फूटभर किंवा त्याहूनही कमी खोली आणि पाणी संथपणे फिरते ठेवणारे एक चाक. तत्त्व सोपे आहे. सांडपाण्यातले जिवाणू घाण कुजवतात, त्यांना प्राणवायू लागतो. शेवाळाला कार्बन डायऑक्साइड, नत्र आणि स्फुरद लागते, आणि उन्हात ते प्राणवायू सोडते. एकाचे उच्छिष्ट ते दुसऱ्याचे जेवण. नेहमीच्या सांडपाणी प्रकल्पात पाण्यात हवा भरण्यासाठी विजेवरची यंत्रे चालवावी लागतात. इथे ते काम ऊन आणि शेवाळ करते.

बेल्ट्सविलमध्ये वॉल्टर मलब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोडी वेगळी रचना वापरली. ती मूळची स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांची. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले, की खडकांवर हिरवळीसारखे चिकटून वाढणारे शेवाळ लाटांच्या येण्याजाण्याने पाण्यातली अन्नद्रव्ये झपाट्याने टिपते. त्यावरून त्यांनी उतरत्या पन्हळीची रचना केली. पन्हळीच्या तळाला जाळी अंथरायची, वरून पाणी लाटेसारखे सोडायचे. शेवाळ जाळीला धरून वाढते आणि गवत कापावे तसे काढता येते. शेवाळशेतीत याला फार महत्त्व आहे. पाण्यात सुटे तरंगणारे शेवाळ इतके बारीक असते की ते गाळून वेगळे करण्यातच पैसा आणि वीज खर्च होते.

बेल्ट्सविलच्या गोठ्याशेजारी प्रत्येकी ३० चौरस मीटरच्या अशा चार पन्हळी उभारल्या गेल्या. शेण-पाण्याची मात्रा रोज मोजून त्यात घातली जाई. जाळीवर रायझोक्लोनियम आणि त्याच्यासारखी तंतूमय हिरवी शेवाळे जोमाने वाढली. नत्राची मात्रा कमी ठेवली तेव्हा त्यातले ७० ते ९० टक्के नत्र आणि स्फुरद शेवाळात परत मिळाले. मात्रा वाढवल्यावर हे प्रमाण ५० ते ८० टक्क्यांवर आले. उत्पादन मात्र वाढले; चौरस मीटरला रोज अडीच ग्रॅमपासून २५ ग्रॅमपर्यंत वाळलेले शेवाळ मिळाले. त्यात साधारण ७ टक्के नत्र आणि १ टक्का स्फुरद होते. म्हणजे पाण्यात विरलेले खत पुन्हा हातात धरता येईल अशा रूपात आले होते.

आधी प्रक्रिया का?

गोठा धुतलेले पाणी जसेच्या तसे शेवाळाला चालत नाही. एक तर ते काळपट असते, त्यात ऊन शिरत नाही. दुसरे, त्यात अमोनिया फार असतो. ज्या अमोनियावर शेवाळ वाढते, तोच जास्त झाला तर शेवाळाला मारतो. तिसरे, त्यातला चोथा पन्हळी आणि पंप तुंबवतो. म्हणून आधी जाड भाग वेगळा करायचा, मग पातळ भाग बंद टाकीत प्राणवायूविना कुजवायचा आणि त्यानंतर पाणी घालून विरळ करून किंवा थोडे थोडे करून शेवाळाला द्यायचा.

यातली बंद टाकी म्हणजे आपला गोबर गॅस. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यातून निघणाऱ्या वायूचा वापर सुरू झाला होता, इतका हा विषय आपल्या ओळखीचा आहे. पण एक गैरसमज सर्रास आढळतो. गोबर गॅसमधून बाहेर पडलेली स्लरी म्हणजे ‘शुद्ध झालेले’ पाणी नव्हे. टाकीतले जिवाणू कार्बनचा मोठा भाग वायूच्या रूपाने काढून घेतात, दुर्गंधीही कमी होते. नत्र आणि स्फुरद मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. उलट नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपात येतो, म्हणजे तो अधिक लवकर विरघळतो आणि वाहतो. शेतात योग्य प्रमाणात टाकली तर ही स्लरी उत्तम खत. नाल्यात सोडली तर तिच्यातले नत्र-स्फुरद कच्च्या शेणाइतकेच उपद्रवी.

गोबर गॅस आणि शेवाळ यांची आणखी एका बाबतीत जोडी जमते. या वायूत मिथेनबरोबर साधारण ३५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो शेवाळाच्या पाण्यात सोडला तर शेवाळाला खाद्य मिळते आणि वायूतील मिथेनचे प्रमाण वाढते. एक किलो वाळलेले शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो.

त्याचा दुसराही उपयोग आहे. शेवाळ भरभर वाढते तेव्हा पाणी अल्कधर्मी होत जाते. सामू नऊच्या पुढे गेला की पाण्यातल्या अमोनियाचा मोठा भाग वायू होऊन हवेत निघून जातो. प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो, की पाण्यातले नत्र इतके टक्के घटले. पण ते शेवाळात आले की हवेत उडाले, हे वेगळे विचारावे लागते. हवेत गेलेला अमोनिया पुन्हा पावसाबरोबर जमिनीवर आणि पाण्यात उतरतो. हवेतल्या इतर वायूंशी संयोग होऊन त्याचे अतिसूक्ष्म कणही बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. त्यामुळे एखाद्या प्रकल्पाने ‘९० टक्के नत्र काढले’ असे सांगितले, तर ते गेले कुठे, हा पहिला प्रश्न असायला हवा. बेल्ट्सविलच्या आकड्यांचे महत्त्व यातच आहे. तिथे पाण्यात काय उरले एवढेच न पाहता, काढलेल्या शेवाळात किती नत्र आले याचा हिशेब मांडला गेला.

पीक आले, खायचे कोणी?

सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. मलब्री यांच्या गटाने ते वाळवून खत म्हणून वापरून पाहिले. काकडी आणि मक्याच्या रोपांना ते बाजारातल्या खताइतकेच मानवले. त्यातले नत्र एकदम न सुटता हळूहळू सुटते. २५ अंश तापमानाच्या मातीत तीन आठवड्यांत साधारण एक तृतीयांश नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आले. जे नत्र एकदम सुटत नाही, ते एकाच पावसात वाहूनही जात नाही. म्हणून खताची वाट सर्वांत सरळ आहे.

जनावरांचे खाद्य म्हणून विचार करताना सावधगिरी लागते. शेवाळात प्रथिने भरपूर असतात हे खरे. पण ज्या पाण्यात ते वाढले त्यात साल्मोनेला, घातक ई-कोलाय, क्रिप्टोस्पोरिडियम असे रोगजंतू असू शकतात. ऊन, अल्कधर्मी पाणी आणि वाळवण यांनी ते कमी होतात, पण सगळे मेलेच असे गृहीत धरता येत नाही. जनावरांना दिलेली प्रतिजैविके आणि त्यांना न जुमानणारे जिवाणूही शेणामुतातून पाण्यात येतात. माणसांवरचे अखेरचे हत्यार समजले जाणारे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. भारताने २०१९ मध्ये पशुपालनातला त्याचा वापर बंद केला. शिवाय वराहांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जस्त आणि तांबे घालतात. शेवाळ हे धातू शोषून घेते. बेल्ट्सविलच्या शेवाळात धातूंचे प्रमाण धोक्याच्या पातळीखाली होते, पण प्रत्येक गोठ्यात तसेच असेल असे नाही. प्रत्येक ठिकाणी तपासणी हाच उपाय.

माणसाच्या खाण्यासाठी मात्र उत्तर स्पष्ट ‘नाही’ असेच आहे. इथे स्पिरुलिनाचा घोळ होतो. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक पिढ्यानपिढ्या स्पिरुलिनाच्या वड्या खातात, मेक्सिकोत अझ्टेक लोक खात असत. त्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. पण दुकानात मिळणारी स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, मोजून घातलेल्या क्षारांवर वाढवलेली असायला हवी. गोठ्याच्या पाण्यावर ‘घरच्या घरी स्पिरुलिना’ करून मुलांना खाऊ घालण्याचा विचारही करू नये. उघड्या हौदात विषारी निळे-हिरवे शेवाळ मिसळले तर ते नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.

जाता जाता आणखी एक. शाकाहारी मंडळी बी-१२ साठी स्पिरुलिनाच्या गोळ्या घेतात. त्यातले बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला न लागणाऱ्या रूपात असते. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ चेच औषध घ्यावे.

जागा, खर्च आणि हिशेब

एवढे सगळे चांगले असूनही गोठ्यागणिक शेवाळाच्या पन्हळी का दिसत नाहीत? हिशेब करून पाहू. चौरस मीटरला रोज २० ग्रॅम शेवाळ आले आणि त्यात ७ टक्के नत्र असले, तर एक चौरस मीटर रोज १.४ ग्रॅम नत्र पकडतो. शंभर ग्रॅम नत्र पकडायला सुमारे ७० चौरस मीटर जागा लागेल. भरपूर दूध देणारी एक संकरित गाय शेणामुतातून रोज याहून बरेच जास्त नत्र बाहेर टाकते. जाड शेणाचा भाग आधी वेगळा काढला तरी दहा गाईंच्या गोठ्याला काही गुंठे जागा नुसत्या शेवाळासाठी ठेवावी लागेल. मलब्री यांच्या गटाने खर्चाचाही अंदाज मांडला होता. तो दर गाईमागे वर्षाला काही शे डॉलर निघाला आणि त्यात शेवाळ वाळवण्याच्या ऊर्जेचा वाटा मोठा होता. नुसते शेवाळ विकून हा खर्च भरून निघत नाही. पाणी स्वच्छ ठेवण्याची किंमत समाज मोजायला तयार असेल, तरच हे गणित जुळते.

थंडी हा अमेरिकेतला दुसरा अडसर. तिथे हिवाळ्यात पन्हळी बंद ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात ऊन वर्षातले आठ महिने भरपूर आहे आणि वाळवणही उन्हातच होऊ शकते. पण पावसाळ्यात ढगाळ हवेने शेवाळ मंदावते आणि नेमके तेव्हाच उघडे हौद भरून वाहण्याची भीती असते. ते वाहिले तर ज्या ओढ्याला वाचवायचे, त्यातच सगळे जाणार.

त्यामुळे कोणाला काय योग्य, हे वेगवेगळे ठरेल. चार-सहा जनावरे आणि स्वतःचे शेत असलेल्या शेतकऱ्याला शेवाळाची गरज नाही. त्याने शेणखत नीट कुजवावे, गोबर गॅसची स्लरी पिकाच्या गरजेइतकी शेतात द्यावी. त्याचे पीक हेच त्याचे शेवाळ. प्रश्न आहे तो शेकडो जनावरे आणि नावापुरती जमीन असलेल्या ठिकाणांचा. शहरांच्या कडेचे तबेले, मोठ्या डेअऱ्या, गोशाळा. मुंबईच्या उपनगरांत तबेल्यांचे शेण नाल्यांतून थेट नद्यांत गेल्याचे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ‘गोबरधन’ योजना २०१८ पासून आहे. या प्रयत्नांत शेण आणि वायू यांचा विचार पुष्कळ होतो. वायू काढून घेतल्यावर उरलेल्या नत्र-स्फुरदाचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मागितला गेला, तर शेवाळासारख्या उपायांना तिथे जागा आहे.

तोवर घरात काय करावे?

शेवाळाचे प्रकल्प येतील तेव्हा येतील. ज्या घरात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पितात आणि सहा महिन्यांच्या आतले बाळ आहे किंवा येणार आहे, त्यांनी पाण्यातले नायट्रेट एकदा तपासून घ्यावे. जिल्हा आणि उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळांत ही तपासणी होते. पाण्याला रंग, वास, चव काही नसले तरी नायट्रेट असू शकते. टीसीएल पावडर टाकून, तुरटी फिरवून किंवा उकळून ते जात नाही. जंतूंसाठी उकळणे आवश्यकच आहे, पण नायट्रेटसाठी स्रोत बदलावा लागतो. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, हा सल्ला इथेही कामी येतो. आईच्या दुधात नायट्रेट अगदी कमी उतरते. वरचे दूध देणे भागच असेल तर ते तपासलेल्या पाण्यातच तयार करावे. बाळाचे ओठ, जीभ किंवा नखे निळसर-करडी दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्यावे आणि घरात विहिरीचे पाणी वापरतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गोठ्यात काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात गमबूट आणि हातमोजे वापरावेत, पायावरच्या जखमा झाकाव्यात. लेप्टोचे जंतू जनावरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि कातडीवरच्या बारीकशा चिरेतूनही शरीरात शिरतात. उकिरडा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. जुनी माणसे हे सांगत आली आहेत, आणि आयोवातल्या त्या निळ्या बाळांनी ते का सांगावे लागते हे दाखवून दिले.